टाळ्या आणि हक्क

खेळाच्या मैदानावर सर्व माणसें समान असतात, असें म्हणण्याचा सार्वत्रिक परिपाठ आहे. तेथें वर्ण, वंश, घराणें किंवा संपत्ति यांची विचारपूस होत नाहीं. ज्याचे पाय वेगानें पडतात आणि ज्याची नजर चेंडूवरून ढळत नाहीं तोच श्रेष्ठ ठरतो, असें शाळेंतील मुलांना मोठ्या अभिमानानें सांगितलें जातें. हें म्हणणें ऐकावयास गोड आहे. परंतु तें खरें किती आणि खोटें किती, हें पाहावयाचें असेल तर ज्याला मैदानाच्या दाराशींच अडविण्यांत आलें अशा एखाद्या खेळाडूचें चरित्र तपासून पाहिलें पाहिजे. ऑस्ट्रेलियाच्या इतिहासांत असें एक चरित्र आहे. सर डग्लस राल्फ निकोल्स हें त्या पुरुषाचें नांव. ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांच्या एका सरकारी वस्तींत १९०६ सालीं त्यांचा जन्म झाला आणि १९७६ सालीं एका प्रांताचे गव्हर्नर म्हणून त्यांनीं राजभवनांत प्रवेश केला. या दोन टोकांमधील वाट फुटबॉलच्या मैदानावरून गेलेली आहे. त्या वाटेवर खेळानें त्यांना काय दिलें आणि काय दिलें नाहीं, हेंच पाहण्याजोगें आहे.

आधीं त्या खेळाविषयीं थोडें सांगणें अवश्य आहे; कारण आपल्याकडे फुटबॉल म्हणून जो खेळ परिचित आहे तो हा नव्हे. १८५९ च्या मे महिन्यांत मेलबोर्न येथील कांहीं गृहस्थांनीं या खेळाचे पहिले नियम लिहून काढले. त्यांपैकीं टॉम विल्स हा त्या काळचा नामांकित क्रिकेटपटु. हिवाळ्यांत क्रिकेट बंद पडलें म्हणजे खेळाडूंचीं अंगें जड होऊं नयेत, हा त्याचा प्रारंभींचा हेतु होता. म्हणून हा खेळ आजहि क्रिकेटच्याच विस्तीर्ण लंबवर्तुळाकार मैदानांवर खेळला जातो. चेंडूहि लंबगोल असतो. प्रत्येक बाजूस अठरा गडी. दोन्ही टोकांस चार-चार खांब उभे. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू लाथेनें पार केला तर सहा गुण, बाजूच्या आंखूड खांबाच्या आंतून गेला तर एक गुण. चेंडू हातांत घेऊन धांवतां येतें, पण ठराविक अंतरानें तो जमिनीवर आपटून पुन्हा उचलावा लागतो. सहकाऱ्याकडे द्यावयाचा तर फेकून चालत नाहीं, मुठीनें ठोसून किंवा लाथ मारूनच द्यावा लागतो. लाथेनें उडालेला चेंडू अधांतरीं झेलला तर झेलणाऱ्यास निर्वेधपणें लाथ मारण्याचा हक्क मिळतो. म्हणून उंच गडी एकमेकांच्या खांद्यांवरून झेप घेतात. अशा खेळांत ठेंगण्या माणसाचा निभाव लागावयाचा तर त्याच्या पायांत वारा भरलेला असावा लागतो. निकोल्स यांची उंची अवघी पांच फूट दोन इंच होती.

टॉम विल्स याच्याविषयीं आणखी एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. त्याचे वडील १८६१ सालीं क्वीन्सलंडमध्यें मूळ रहिवाशांच्या हल्ल्यांत मारले गेले. तरी पुढें पांच वर्षांनीं त्याच विल्सनें मूळ रहिवाशांच्या क्रिकेट संघास शिकविलें आणि १८६६ च्या डिसेंबरांत मेलबोर्नच्या प्रसिद्ध मैदानावर त्यांना खेळविलें. म्हणजे काळा व गोरा एका मैदानावर उभे राहूं शकतात, हें त्या देशाला फार पूर्वींपासून ठाऊक होतें. ठाऊक असणें आणि मनानें मान्य करणें या मात्र दोन भिन्न गोष्टी आहेत.

न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या दोन प्रांतांची सीमा मरे नदीनें आंखलेली आहे. त्या नदीच्या उत्तर तीरावर कमरागंजा नांवाची वस्ती होती. योर्ता योर्ता या मूळ जमातीच्या लोकांची ही पिढीजात भूमि. परंतु तेथें त्यांना राहूं देण्यांत येत होतें तें सरकारी संरक्षक मंडळाच्या मर्जीनें. वस्तीवर गोरा व्यवस्थापक असे. शिधा त्याच्या हातून मिळे, कोण वस्तींत राहील व कोण बाहेर जाईल हेंहि तोच ठरवी. लोकांनीं जमिनीचे तुकडे कसून गहू पिकविला होता. ते तुकडेहि मंडळानें पुढें परत घेतले. अशा ठिकाणीं ९ डिसेंबर १९०६ रोजीं डग्लसचा जन्म झाला.

वस्तीची एक शाळा होती. तिची घडण ज्या शिक्षकानें केली त्याचें नांव थॉमस शॅड्रॅक जेम्स. हे गृहस्थ मॉरिशस बेटांत जन्मलेले व भारतीय वंशाचे होते. दूरदेशीं येऊन त्यांनीं या उपेक्षित लोकांच्या मुलांना लिहिण्या-वाचण्यास शिकविलें, त्यांच्यांतच विवाह केला आणि आयुष्य तेथेंच वेंचलें. पुढें मूळ रहिवाशांच्या हक्कांसाठीं अर्ज लिहिणारे, सभा भरविणारे आणि मंत्र्यांपुढें ताठ मानेनें उभे राहणारे जे पुरुष निघाले, त्यांपैकीं कित्येकांची मुळाक्षरें या शाळेंत गिरविलेलीं होतीं. एका सामान्य शाळामास्तराचें काम कोठवर पोंचतें, याचें याहून चांगलें उदाहरण क्वचित् आढळेल.

डग्लसच्या वांट्यास मात्र शिक्षण थोडेंच आलें. तिसऱ्या इयत्तेच्या पुढें त्याची मजल गेली नाहीं. तो आठ वर्षांचा असतांना एके दिवशीं पोलीस वस्तींत आले आणि त्याच्या मोठ्या बहिणीस आईपासून हिसकावून घेऊन गेले. कुटामुंड्रा येथें सरकारनें एक गृह उघडलें होतें. मूळ रहिवाशांच्या मुलींना तेथें ठेवून गोऱ्यांच्या घरीं मोलकरणीचें काम करण्यास तयार करीत. त्यासाठीं आईबापांच्या संमतीची किंवा न्यायालयाच्या हुकुमाची आवश्यकता कायद्यानें उरूं दिली नव्हती. त्या दिवसाची आठवण त्यांनीं आयुष्यभर सांगितली. तेराव्या वर्षीं डग्लस मेंढपाळीच्या मोठमोठ्या मळ्यांवर कामास लागला. लोंकर कातरतांना मेंढीच्या अंगास कात्री लागली कीं जखमेवर डांबराचें बोट लावण्यास धांवत जाणें, हें त्याचें काम. कातरणारा हांक मारी आणि हा पोरगा डांबराचा डबा घेऊन धांवे. त्याच्या पायांचें पहिलें शिक्षण हें असें झालें.

वस्तीवरील तरुणांना फुटबॉलचें वेड होतें. तेथेंच खेळ शिकून डग्लस जवळच्या टोंगाला गांवाच्या संघाकडून खेळूं लागला आणि त्याच्या वेगाची वार्ता हळूहळू मेलबोर्नपर्यंत पोंचली. १९२७ सालीं, विशीचा हा तरुण, कार्ल्टन नांवाच्या बलाढ्य संघाकडे आपली परीक्षा देण्यासाठीं त्या महानगरांत आला.

ही परीक्षा त्याच्या खेळाची झालीच नाहीं. खेळाडूंचे पाय चोळून देण्यासाठीं प्रत्येक संघाकडे माणसें नेमलेलीं असत. या काळ्या पायांना हात लावण्याचें त्यांनीं नाकारलें. बरोबरच्या गड्यांना तो आपल्या खोलींत नको होता. त्याच्या अंगाला वास येतो, अशी कुजबूज सुरू झाली. ज्या समाजानें शिवाशीव पाहिली आहे त्याला या वागणुकीचा अर्थ निराळा समजावून सांगण्याची गरज नाहीं. तुझा खेळ उणा आहे, असें कोणीं तोंडावर सांगितलें असतें तर त्या तरुणानें तें मुकाट्यानें सोसलें असतें. कारण खेळ सुधारतां येतो. कातडी कशी सुधारावयाची? तो कार्ल्टनच्या दारांतून माघारी फिरला.

परंतु तो गांवीं परत गेला नाहीं, हें त्याच्या आयुष्यांतील पहिलें मोठें वळण. त्या काळीं मेलबोर्नमध्यें फुटबॉलच्या दोन संस्था होत्या. १८७७ सालची असोसिएशन ही जुनी. तिच्यांतील श्रीमंत क्लबांनीं फुटून १८९६ सालीं व्हिक्टोरियन फुटबॉल लीग ही नवी संस्था काढली आणि मानाचें स्थान त्या लीगकडे गेलें. कार्ल्टन हा लीगमधील संघ होता. निकोल्स यांनीं असोसिएशनमधील नॉर्थकोट या संघाची वाट धरली. तेथें त्यांना जागा मिळाली. मैदानाच्या मध्यरेषेच्या कडेस जी विंगची जागा असते, ती जणूं त्यांच्यासाठींच आंखून ठेवली होती. उंच गड्यांच्या धुमाळींतून सुटलेला चेंडू उचलावयाचा आणि कोणी अंगावर येण्याच्या आंत रेषेरेषेनें दूर न्यावयाचा, हें त्यांचें काम. १९२९ सालीं नॉर्थकोटनें विजेतेपद मिळविलें, तेव्हां त्या संघाच्या विंगवर हा ठेंगणा गडी धांवत होता. प्रेक्षक त्याच्या नांवाचा पुकारा करीत; लहान मुलें त्याच्या मागें फिरत.

कीर्ति मिळाली तरी पोट भरण्याचा प्रश्न निराळाच होता. फुटबॉलचे पैसे हिवाळ्यांतील शनिवारांपुरते मिळत. उन्हाळ्यांत निकोल्स पैशांच्या शर्यतींत धांवत. व्हिक्टोरियांतील गांवोगांवीं बक्षिसाच्या धांवण्याच्या शर्यती भरत व त्यांना 'गिफ्ट' म्हणत. न्याया आणि वॉरॅकनाबील या दोन गांवच्या गिफ्ट निकोल्स यांनीं जिंकल्या. १९३१ सालीं ते जिमी शर्मन याच्या मुष्टियोद्ध्यांच्या फिरत्या तांड्यांतहि सामील झाले. जत्रेंत तंबू ठोकावयाचा, बाहेर नगारा बडवून गांवकऱ्यांना आव्हान द्यावयाचें आणि जो कोणी पुढें येईल त्याच्याशीं तांड्यांतील माणसानें लढावयाचें, असा तो धंदा. मूळ रहिवाशांतील पुष्कळ तरुण या तंबूंत लढत. ज्या देशांत त्यांना अनेक दारें बंद होतीं, तेथें तंबूचें दार मात्र उघडें होतें. कारण आंत मार खाणारा माणूस हवा असे. नॉर्थकोटच्या मैदानाची निगा राखण्याचें कामहि निकोल्स यांनीं कांहीं काळ केलें. व्यावसायिक खेळाडूचें जीवन म्हणजे त्या काळीं हें असें होतें.

याच सुमारास जगावर मंदीची छाया पडली. ऑस्ट्रेलियांत बेकारी इतकी वाढली कीं एका सामन्याचे दोन-तीन पौंड म्हणजे घरचा आठवड्याचा खर्च होऊं लागला. क्लबांनीं पैशांच्या जोरावर खेळाडू पळवूं नयेत म्हणून लीगनें १९३० सालीं नियम केला कीं, कोणाहि खेळाडूस एका सामन्याबद्दल तीन पौंडांहून अधिक देऊं नयेत आणि संघ बदलण्यासाठीं ठोक रक्कम देऊं नये. ज्यानें हा नियम सुचविला त्याच्या नांवावरून त्यास कुल्टर नियम म्हणतात. हेडन बंटन नांवाच्या तरुण खेळाडूस फिट्झरॉय संघानें गुप्तपणें मोठी रक्कम कबूल केल्याचें उघडकीस आलें, तेव्हां लीगनें त्याला १९३० चा संपूर्ण हंगाम खेळूं दिलें नाहीं. पुढच्या वर्षीं तो मैदानांत उतरला आणि त्याच वर्षीं पंचांच्या मतांनीं दिलें जाणारें ब्राउनलो पदक त्यानें मिळविलें. पुढें १९३२ व १९३५ सालींहि तें त्यालाच मिळालें. त्या पिढीचा हा मुकुटमणि.

१९३२ सालीं निकोल्स फिट्झरॉयमध्यें दाखल झाले. ज्या लीगच्या दाराशीं पांच वर्षांपूर्वीं अपमान झाला होता, त्याच लीगमध्यें आतां ते दुसऱ्या दारानें आंत आले. या संघाचा पूर्वेतिहास थोडा निराळा होता. १९०४ सालीं जो जॉन्सन हा मूळ रहिवाशांच्या वंशाचा खेळाडू याच संघाकडून खेळला होता. तरीहि पहिल्या दिवशीं कपडे बदलण्याच्या खोलींत निकोल्स एका कोपऱ्यांत एकटेच बसले. जुना अनुभव अंगीं मुरलेला. आपण होऊन कोणाजवळ जाण्याचें धैर्य होईना. तेव्हां बंटन आपल्या जागेवरून उठला, त्यांच्या शेजारीं येऊन बसला आणि तेथेंच कपडे बदलूं लागला. पुढें ही जोडी कायम राहिली. संघांतील सर्वांत मोठा खेळाडू ज्याच्या शेजारीं बसतो त्याला दूर बसविण्याची इतरांची प्राज्ञा नसते. बंटननें कांहीं भाषण केलें नाहीं, नियम केला नाहीं. तो फक्त शेजारीं बसला. समाजांतील कित्येक रूढी असल्याच लहानशा कृतींनीं मोडतात. मात्र ज्याच्या शब्दाला वजन आहे अशा माणसानें ती कृति करावी लागते.

फिट्झरॉयकडून १९३७ पर्यंत निकोल्स चोपन्न सामने खेळले. १९३५ सालीं व्हिक्टोरिया प्रांताच्या निवडक संघांत त्यांची निवड झाली. प्रांताचा सदरा अंगावर चढविणारे ते पहिले मूळ रहिवासी. पुढें गुडघे दुखूं लागले. १९३८ मध्यें ते आपल्या जुन्या नॉर्थकोट संघाकडे परतले आणि १९३९ सालीं गुडघ्यांनीं त्यांना खेळ सोडावयास लाविलें. नंतर १९४७ सालीं त्याच संघाचे ते शिक्षक होते. खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द येथें संपली. वयाची पस्तिशीहि उलटली नव्हती, हातीं संपत्ति नव्हती, शिक्षण तिसरीचें. दुसरा कोणी असता तर जुन्या टाळ्यांच्या आठवणीवर उरलेले दिवस काढता.

निकोल्स तसे राहिले नाहींत, याचें श्रेय पुष्कळ अंशीं एका वृद्ध पुरुषाकडे जातें. विल्यम कूपर हे त्यांच्या नात्यांतील वडील. सत्तरी ओलांडल्यावर ते कमरागंजा सोडून मेलबोर्नला आले. कारण सरकारी वस्तींत राहिल्यास म्हातारपणाची पेन्शन मिळत नसे. मेणबत्तीच्या उजेडांत बसून हा म्हातारा मंत्र्यांना पत्रें लिही. आपल्या लोकांना पार्लमेंटांत प्रतिनिधि मिळावा, म्हणून राजास पाठवावयाच्या अर्जावर त्यांनीं १९३३ पासून सह्या गोळा केल्या. मूळ रहिवाशांच्या वस्त्या हजारों मैलांवर विखुरलेल्या. कित्येक वस्त्यांचे अधिकारी विरोध करणारे. तरी १८१४ सह्या जमल्या. १९३७ मध्यें अर्ज सरकारकडे दिला आणि १९३८ मध्यें मंत्रिमंडळानें तो राजाकडे न पाठविण्याचें ठरविलें. कूपर यांचें म्हणणें कागदावर होतें, पण कूपर यांना ओळखतो कोण? त्यांच्या या तरुण नातलगाला मात्र मेलबोर्नमधील पोरेंटोरें ओळखत होतीं. ज्याच्यासाठीं वीस-वीस हजार माणसें उठून उभीं राहतात, त्यानें चार शब्द बोलावे म्हणजे लोक ऐकतील, हें त्या म्हाताऱ्यानें हेरलें. निकोल्स यांनीं नॉर्थकोटच्या चर्चमध्यें बाप्तिस्मा घेतला होता व प्रार्थनासभांतून ते बोलूं लागले होते. आतां ते आपल्या लोकांविषयीं बोलूं लागले.

२६ जानेवारी १९३८ रोजीं गोऱ्यांच्या आगमनास दीडशें वर्षें पूर्ण झालीं म्हणून सिडनी शहरांत मोठा उत्सव झाला. त्याच दिवशीं त्याच शहरांत मूळ रहिवाशांनीं शोकदिन पाळला; त्या सभेंत निकोल्स सहभागी होते. पुढच्या वर्षाच्या फेब्रुवारींत त्यांच्या जन्मग्रामांतच ठिणगी पडली. व्यवस्थापकाच्या जुलमास व अपुऱ्या शिध्यास कंटाळून कमरागंजाचीं दीड-दोनशें माणसें, बायकामुलांसह, मरे नदी ओलांडून व्हिक्टोरियांत चालतीं झालीं आणि नदीकांठीं उघड्यावर राहिलीं. एका शनिवारीं हजारों लोकांच्या टाळ्या आणि रविवारीं आपलीं माणसें नदीकांठच्या चिखलांत! टाळ्या म्हणजे हक्क नव्हेत, हा धडा निकोल्स यांना येथें मिळाला. प्रेक्षक ज्याच्या नांवानें ओरडतो, त्याच्या आईला शिधा पुरेसा मिळतो कीं नाहीं हें तो विचारीत नाहीं. त्याला तो प्रश्न विचारावयास लावणें, हें निकोल्स यांचें पुढचें जीवितकार्य झालें.

महायुद्धांत १९४१ सालीं त्यांना सैन्याचें बोलावणें आलें. पण पुढच्याच वर्षीं फिट्झरॉयच्या पोलिसांनीं विनंति करून त्यांना सैन्यांतून सोडवून आणलें. त्या भागांत कामाच्या शोधार्थ आलेले मूळ रहिवासी दाटीवाटीनें राहत होते. दारू, जुगार, मारामारी यांनीं पोलीस हैराण झाले होते. दंडुक्यानें जें होत नव्हतें तें या माणसाच्या शब्दानें होई. एका प्रांताच्या पोलिसांनीं एकेकाळीं त्यांची बहीण न्यावी आणि दुसऱ्या प्रांताच्या पोलिसांनीं आपल्या मदतीसाठीं या भावास बोलवावें, हा काळाचा सूड म्हणावयाचा कीं न्याय? डिसेंबर १९४२ मध्यें त्यांनीं आपल्या दिवंगत भावाची पत्नी ग्लॅडिस हिच्याशीं विवाह केला व भावाच्या मुलांना आपलें मानलें. गोर स्ट्रीटवरील लहानशा चर्चमध्यें १९४३ पासून ते पाद्री म्हणून काम करूं लागले. दोघां पतिपत्नींचें घर म्हणजे गांवाहून येणाऱ्या प्रत्येक निराधाराची धर्मशाळा झाली. नॉर्थकोटमध्यें मूळ रहिवाशांच्या मुलींसाठीं त्यांनीं वसतिगृह चालविलें. आईबापांपासून तोडून नव्हे, त्यांच्या विश्वासानें. युद्धकाळांत मूळ रहिवाशांचा फुटबॉल संघ उभारून युद्धनिधीसाठीं त्यांनीं सामनेहि खेळविले. खेळ त्यांनीं सोडला नव्हता; त्याचा उपयोग मात्र बदलला होता.

१९५७ हें वर्ष त्यांच्या सार्वजनिक जीवनांत महत्त्वाचें आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियांतील वॉरबर्टन डोंगरांच्या रुक्ष प्रदेशांत ते तेथील एका आमदारासह गेले. अग्निबाणांच्या व अणुबाँबच्या चांचण्यांसाठीं जो विशाल मुलूख राखून ठेवला होता, त्याच्या आसपास भुकेनें व रोगानें जर्जर झालेलीं माणसें त्यांनीं पाहिलीं. त्या स्थितीचीं चलच्चित्रें मेलबोर्नमध्यें दाखविण्यांत आलीं आणि लोकमत हादरलें. त्यांतून त्याच वर्षीं मूळ रहिवाशांच्या उन्नतीसाठीं अॅबॉरिजिन्स अॅडव्हान्समेंट लीग ही संस्था निघाली. निकोल्स तिचे क्षेत्र-अधिकारी झाले व गांवोगांव फिरले. लेक टायर्स ही व्हिक्टोरियांतील शेवटच्या वस्त्यांपैकीं एक; सरकार ती बंद करण्यास निघालें तेव्हां त्याविरुद्धच्या चळवळींत ते पुढें होते. १९७० च्या कायद्यानें ती जमीन अखेर तेथील रहिवाशांना मिळाली. २७ मे १९६७ रोजीं राज्यघटना दुरुस्त करून मूळ रहिवाशांची गणना करावी व त्यांच्यासाठीं कायदे करण्याचा अधिकार केंद्र सरकारला द्यावा, या प्रश्नावर सर्व देशाचें मत घेतलें गेलें. नव्वद टक्क्यांहून अधिक मतें अनुकूल पडलीं. कूपर यांचा न पोंचलेला अर्ज तीस वर्षांनीं जनतेनें वाचला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

१९७२ सालीं निकोल्स यांना 'सर' हा किताब मिळाला. हा मान मिळविणारे ते पहिले मूळ रहिवासी. परंतु याच सुमारास त्यांच्या स्वतःच्या लोकांत मतभेद माजले होते. नव्या पिढीचे तरुण जहाल. त्यांना हा हंसतमुख पाद्री मवाळ वाटे, गोऱ्यांचे किताब स्वीकारणें त्यांना रुचत नसे. निकोल्स म्हणत कीं, पियानोच्या केवळ पांढऱ्या पट्ट्यांवर सूर निघतो, केवळ काळ्यांवरहि निघतो. परंतु सुरांचा खरा मेळ दोन्ही वाजविल्यावांचून जमत नाहीं. तरुण विचारीत कीं, पण वाजविणारा कोण आणि ऐकणारा कोण? हा वाद आपल्या देशालाहि अपरिचित नाहीं. इतकें खरें कीं, तरुणांना ज्या व्यासपीठावरून जहाल भाषण करतां आलें, तें व्यासपीठ उभारतांना या मवाळ माणसानें खांद्यावर फळ्या वाहिल्या होत्या.

१ डिसेंबर १९७६ रोजीं त्यांनीं दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या गव्हर्नरपदाची शपथ घेतली. मूळ रहिवाशांपैकीं असा मान कोणासहि पूर्वीं मिळालेला नव्हता. दैव मात्र कृपण निघालें. दोन महिन्यांच्या आंतच त्यांना पक्षाघाताचा झटका आला. त्याहि स्थितींत मार्चमध्यें राणी एलिझाबेथ अॅडलेडला आली तेव्हां त्यांनीं तिचें स्वागत केलें, आणि ३० एप्रिल १९७७ रोजीं अधिकार सोडला. अवघे पांच महिने! परंतु डांबराचा डबा घेऊन धांवणारा पोरगा राजाच्या प्रतिनिधीच्या आसनावर बसूं शकतो, हें सिद्ध होण्यास पांच महिने पुरेसे होते.

४ जून १९८८ रोजीं त्यांचा देहांत झाला. त्यांची अंत्ययात्रा सरकारी इतमामानें निघाली आणि दफन कमरागंजाच्या भूमींत झालें. ज्या भूमीवर त्यांची जमात व्यवस्थापकाच्या मर्जीनें राहत होती, ती तोंपर्यंत न्यू साउथ वेल्सच्या १९८३ च्या कायद्यान्वयें तेथील मूळ रहिवाशांच्या मंडळाकडे आली होती. ते शेवटीं आपल्याच लोकांच्या जमिनींत विसावले.

त्यांच्यामागें मैदानाचें काय झालें? जुन्या लीगला १९९० सालीं ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग हें नांव मिळालें. फिट्झरॉयचा संघ १९९६ च्या अखेरीस ब्रिस्बेनच्या संघांत विलीन झाला. १७ एप्रिल १९९३ रोजीं मेलबोर्नमध्येंच निकी विन्मार या खेळाडूस प्रेक्षकांनीं रंगावरून शिव्या दिल्या. सामना जिंकल्यावर त्यानें अंगांतील सदरा वर केला आणि आपल्या काळ्या कातडीकडे अभिमानानें बोट दाखविलें. १९२७ सालीं ज्या कातडीसाठीं निकोल्स यांना माघारी फिरावें लागलें, तीच कातडी आतां ध्वजाप्रमाणें दाखविली गेली. १९९५ सालीं लीगनें वंशावरून अपशब्द उच्चारणाऱ्या खेळाडूंविरुद्ध नियम केला. २०१६ पासून हंगामांतील सामन्यांची एक फेरी सर डग निकोल्स यांच्या नांवानें खेळली जाते. त्या फेरींत सर्व संघ मूळ रहिवाशांच्या चित्रकलेनें नटलेले सदरे घालतात. पण त्याच्या आदल्याच वर्षीं अॅडम गुड्स हा दोन वेळां ब्राउनलो पदक मिळविणारा खेळाडू, प्रेक्षकांच्या सततच्या हुर्योमुळें खिन्न होऊन निवृत्त झाला होता, आणि लीगनें त्याची क्षमा मागितली ती २०१९ सालीं. एक पाऊल पुढें, अर्धें मागें, अशी ही चाल आहे.

मैदानावर सर्व माणसें समान असतात काय, या प्रश्नाचें उत्तर या चरित्रांत सांपडतें. मैदान आपोआप कोणालाहि समान करीत नाहीं. तेथें पाय चोळण्यास नकार देणाराहि असतो आणि शेजारीं येऊन बसणाराहि असतो. कोणत्या प्रकारचीं माणसें अधिक आहेत यावर मैदानाचें पुण्य ठरतें. मैदान एवढेंच करतें कीं, दुर्लक्षित माणसाकडे क्षणभर हजारों डोळे वळवितें. तो क्षण बहुतेक खेळाडू स्वतःसाठीं खर्च करतात, आणि त्यांत कांहीं पापहि नाहीं. निकोल्स यांनीं तो आपल्या लोकांसाठीं जन्मभर पुरवून वापरला. त्यांचा वेग गुडघ्यांबरोबर गेला. पण ज्यांच्यासाठीं ते धांवले ते लोक अजून चालत आहेत.